पित्ताशय काढले, अडचण नाही

ज्यानं कापलं त्यानं बाहेर नातेवाइकांसमोर जायचं आणि टेबलाच्या पलीकडे उभा असलेल्यानं नोट सांगायची, असा आमच्या दवाखान्याचा वीस वर्षांचा रिवाज होता. ऑपरेशन संपलं की सर्जननं हातमोजे काढायचे आणि बाकावर जीव मुठीत धरून बसलेल्या माणसांना स्वतः जाऊन सांगायचं, "झालं, व्यवस्थित झालं." तेवढ्या वेळात मदतीला असलेला दुसरा सर्जन आत काय सापडलं आणि काय केलं, ते माइकवर बोलून टाकायचा. माझ्या ऑपरेशनची नोट भरतेश सांगायचा, भरतेशच्या ऑपरेशनची मी. एकमेकांनी काय सांगितलं, हे आम्ही कधी तपासलं नाही. नवरा-बायकोही एकमेकांवर एवढा विश्वास टाकत नसतील.

मी डॉ. अनुजा हेर्लेकर, पोटाची सर्जन. मिरजेत खडा टाकला तर तो डॉक्टरच्या पाटीवर पडतो, असं लोक चेष्टेनं म्हणतात. त्या पाट्यांच्या गर्दीत 'चौगुले-हेर्लेकर सर्जिकल' ही आमची एक पाटी. डॉ. भरतेश चौगुले आणि मी एम. एस.ला एका वर्गात होतो. तो गोड बोलणारा, पेशंटच्या खांद्यावर हात टाकून "काय काका, जेवलासा काय?" विचारणारा. माझं बोलणं तिखट. मात्र टेबलावर उलटं व्हायचं. त्याचं ऑपरेशन म्हणजे अर्धी लढाई असायची: रक्त, घाम, "सक्शन दे, सक्शन दे" असा आरडाओरडा. शेवटी सगळं नीट व्हायचं, तो वाईट सर्जन नव्हता, पण पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. माझ्या टेबलावर कोणी फारसं बोलायचं नाही.

त्याची नोट सांगताना मी हातचं राखून कधी सांगितलं नाही. कुठे काय चिकटलं होतं, रक्तवाहिनी कुठे आडवी आली, ती कशी सोडवली, सगळं. उद्या काही झालंच तर त्याच्या अंगाशी येऊ नये, हा हेतू. माझ्या ऑपरेशनची नोट तो एका वाक्यात संपवायचा: "पित्ताशय काढले, अडचण नाही." ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या, सिस्टर मला हसत हसत सांगायच्या. मीही हसायचे. मला ती शाबासकी वाटायची. विम्याचे पैसे दवाखान्याच्या एकाच खात्यात यायचे आणि आम्ही निम्मे-निम्मे घ्यायचो, त्यामुळे कोणाच्या नावावर काय चढतंय, हे बघायची वेळच आली नाही.

मग 'सुमेळ' आलं.

*

सुमेळ का आलं, ते आधी सांगते, कारण येण्याचं कारण चांगलं होतं. एकाच गावात, एकाच आजाराचं, एकच ऑपरेशन. पण एक सर्जन त्याला 'साधं' म्हणायचा, दुसरा 'अवघड' आणि तिसरा 'अतिअवघड'. विम्याच्या यादीत या तिघांचे तीन वेगळे कोड आणि कोडप्रमाणे मोबदला. साहजिकच मिरजेतली पित्ताशयं दर वर्षी जास्त जास्त अवघड होत चालली होती. नव्या आरोग्य विमा योजनेनं ठरवलं की आता कोड माणसानं द्यायचाच नाही, यंत्रानं द्यायचा. सारख्या ऑपरेशनला सारखा कोड. मीच सर्जनांच्या बैठकीत उभी राहून याच्या बाजूनं भांडले होते.

दुर्बिणीचं ऑपरेशन तसंही कॅमेऱ्यातूनच होतं. पोटाला चार छिद्रं, एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब अवजारं, आणि आतलं सगळं पडद्यावर. सुमेळ तीच चित्रफीत बघायचं. ऑपरेशनचे बारीक तुकडे पाडायचं: अवजार किती वेळा फिरलं, किती वेळा थांबलं, रक्त किती आलं, पोटातला एक चिकटलेला पडदा सोडवायला किती वेळ गेला. हातसुद्धा ओळखायचं, कारण अवजार फिरवण्याचं प्रत्येकाचं वळण हस्ताक्षरासारखं वेगळं असतं. पण अवघड म्हणजे काय, हे त्याला कोण शिकवणार? त्यासाठी प्रत्येक दवाखान्यातलं सुमेळ त्याच दवाखान्याच्या जुन्या चित्रफिती आणि त्यांच्यासोबतच्या नोटा देऊन शिकवलं गेलं. त्याला शरीरशास्त्र येत नव्हतं. त्याला एवढंच येत होतं: असं दिसलं की माणसं असं म्हणतात.

आणि कोडवर फक्त पैसे अवलंबून नव्हते. दर तीन महिन्यांनी सर्जनची श्रेणी लागायची. पहिल्या श्रेणीचा सर्जन कोणतंही ऑपरेशन करू शकतो. जो बहुतेक साधीच ऑपरेशनं करतो तो दुसऱ्या श्रेणीत, आणि अवघड पेशंट त्याच्या टेबलावर जाणारच नाही. ज्याला सवय नाही त्यानं अवघड कामात हात घालू नये. यालाही मी मान डोलावली होती.

पहिल्या तिमाहीचा निकाल आला तेव्हा मी ओपीडीत होते. डॉ. भरतेश चौगुले: पहिली श्रेणी, सुसंगती उत्तम. डॉ. अनुजा हेर्लेकर: बहुतांश शस्त्रक्रिया साध्या; सुधारणा न झाल्यास पुढील तिमाहीपासून दुसरी श्रेणी.

मी दोनदा वाचलं. साध्या! सांगलीपासून जतपर्यंतच्या डॉक्टरांनी हात टेकलेले पेशंट माझ्याकडे येतात. ज्या पित्ताशयाला भरतेश हात लावायला कचरतो ते तो माझ्या नावावर लिहितो. दुसरी श्रेणी म्हणजे ते सगळं बंद. गाठी आणि हर्निया काढत निवृत्त व्हायचं. पैसे गेले असते तरी मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. पण अडलेलं पोट सोडवणं हे माझं जगणं होतं, आणि तेच काढून घेतलं जाणार होतं.

भरतेशच्या केबिनमध्ये गेले तर त्यानं चहा मागवला.

"यंत्राला काय कळतंय गं? वेडं हाय ते," तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. होईल नीट."

"तुला पहिली दिलीय. तिथे वेडं नाही झालं ते?"

"आमचं नशीब की!" म्हणून तो मोठ्यानं हसला, आणि मीही हसले. तेव्हा मला खरंच हसू येत होतं.

*

सुमेळ बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर रुबीना मणेर आमच्याच गावची. बुद्धीनं चलाख आणि बोलायला स्पष्ट. मी तिला बोलावलं, तेव्हा तिनं माझ्यासमोर पडद्यावर दोन चित्रफिती शेजारी-शेजारी लावल्या.

"डावीकडचे हात चौगुले सरांचे, उजवीकडचे तुमचे. मॅडम, तुम्ही सर्जन आहात, तुम्हीच सांगा. कोणतं अवघड?"

मी बघितलं. उजवीकडचं पित्ताशय आतड्याला असं चिकटलं होतं की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते दिसत नव्हतं. डावीकडचं कोणीही काढलं असतं. भरतेशनं ते काढायला दुप्पट वेळ घेतला होता आणि दोनदा रक्त काढलं होतं.

"उजवीकडचं. यात विचारायचं काय?"

"सुमेळ म्हणतं, उजवीकडचं साधं आणि डावीकडचं अतिअवघड." तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "कारण ते पोटाकडे बघतच नाही, मॅडम, हातांकडे बघतं. हात शांत असले की 'अडचण नाही', हात झटापट करायला लागले की 'अतिशय अवघड', हे ते इथल्याच नोटांवरून शिकलंय. एक विचारू? तुमच्या नोटा कोणी सांगितल्यात?"

भरतेशच्या प्रत्येक झटापटीला मीच मोठं केलं होतं. माझ्या शब्दांवर त्याची श्रेणी उभी होती आणि त्याच्या शब्दांत माझी बुडत होती.

"दुरुस्त करता येतं?"

"येतं. फेरतपासणी मागा. टेबलाशी जे हजर होते त्यांनी तुमच्या जुन्या चित्रफिती पुन्हा बघायच्या आणि खरं काय होतं ते नव्यानं सांगायचं. पण तुमचं तुम्ही नाही सांगू शकत. चौगुले सरांनीच सांगायला हवं."

"मग झालंच म्हणायचं," मी म्हणाले.

भरतेशला सांगितलं तेव्हा तो खजील झाला. निदान मला तसं वाटलं. "आयला, माझ्या आळसानं तुझा घात झाला की गं," म्हणाला. "बघतो. सगळ्या बघतो. रविवार घालवतो हवा तर." वर म्हणाला, "आईला घरी सांगितलं तर ती मलाच जेवायला द्यायची नाही." मी निश्चिंत झाले. त्या आठवड्यात त्याच्या एका ऑपरेशनची नोट सांगताना मी नेहमीसारखंच सगळं सविस्तर सांगितलं.

*

फेरतपासणीचा निकाल एका ओळीचा होता. साक्षीदार सर्जननं सर्व चित्रफिती पाहिल्या, मूळ नोंदी योग्य असल्याचं सांगितलं, बदल नाही.

चूक झाली असेल म्हणून मी रुबीनाला फोन केला. ती दवाखान्यात आली, दार लावून घेतलं, आणि बसायच्या आधीच म्हणाली, "चूक नाही मॅडम. सरांनी प्रत्येकीला 'योग्य' म्हटलंय."

मी तरीही त्याची बाजू घेत होते, इतकी मी मूर्ख! म्हटलं, त्याला घाईत दिसलं नसेल. माझं काम पाहून पाहून त्याला ते सोपं वाटायला लागलं असेल. आणि मग मला आक्का आठवल्या.

आक्का म्हणजे भरतेशची आई. सुमेळ यायच्या आदल्या वर्षी त्यांना कावीळ झाली. खड्यानं पित्ताशयाची भिंत पोखरली होती आणि तो मुख्य पित्तनळीत घुसला होता. या दुखण्यात पोटातल्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. नळी समजून भलतंच कापलं तर माणूस हातचा जातो. भरतेशनं पुण्या-मुंबईचं नाव काढलं नाही. "तूच कर," म्हणाला. मी केलं. कॅमेरा त्यानं धरला होता. संपल्यावर मी बाहेर गेले नाही, त्याच्याजवळ थांबले, आणि त्यानं नोट सांगितली. ती मी ऐकली होती. एकेक पायरी, एकेक धोका. "अशी शस्त्रक्रिया मी आजवर पाहिलेली नाही," हे शेवटचं वाक्य.

"ती एक नोट काढ," मी रुबीनाला म्हणाले. "त्याला दिसतं की नाही, ते त्यातून कळेल. आणि सुमेळलाही शिकू दे की शांत हातांनीसुद्धा अवघड काम होतं."

रुबीनानं शोधलं. मग तिनं माझ्याकडे न बघता आवाज चालू केला. भरतेशचाच आवाज, ठणठणीत, जरा घाईतला: "पित्ताशय काढले. खडा काढला. अडचण नाही."

"ही ती नव्हे."

"आता हीच आहे. सुमेळ बसलं तेव्हा त्यानं सगळ्यांना विचारलं होतं. ज्या जुन्या नोटा तुमच्याच बाकीच्या नोटांशी जुळत नाहीत त्या ठेवायच्या की बदलायच्या? ठेवल्या तर सांगणाऱ्याची सुसंगती कमी होते. सरांची एकच नोट जुळत नव्हती. त्यांनी 'बदला' म्हटलं आणि नव्यानं सांगितली. पहिली पुसली गेली."

म्हणजे हे आज-कालचं नव्हतं. माझा निकाल लागायच्या आधीपासूनचं होतं. आपल्या आईच्या पोटात काय चाललं होतं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ती बरी होऊन घरी भाकरी थापायला लागल्यावर ते पुसून टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

*

"बस की," भरतेश म्हणाला. मी बसले नाही.

"आक्कांची नोट का बदललीस?"

तो टेबलावरची पेनं सरळ करत म्हणाला, "तेव्हा घाबरलो होतो गं. आई होती. माणूस घाबरला की सगळं अवघड वाटतं. नंतर टेप बघितली. एवढं काही नव्हतं त्यात."

"काही नव्हतं?"

"तुझ्या हातात काय अवघड असतंय काय? तूच सांग."

"भरतेश, हे कौतुक मला नको आहे."

मग तो खरं बोलला. "हे बघ अनुजा. तुझे हात आणि माझे हात एकाच मापानं मोजलेत. तुझ्या शांत हातांची ऑपरेशनं अवघड ठरली की माझी सगळी साधी ठरणार. पोरगी यंदा पीजीला जायची आहे, नवीन ओटीचं कर्ज डोक्यावर आहे, आणि मी दुसऱ्या श्रेणीत? दोघांतला एक तरी वर राहायला पाहिजे का नको? दवाखाना आपलाच आहे. अवघड पेशंट माझ्या नावावर घेऊ, तू असिस्ट कर. आत तूच कर की सगळं, मी काय नाही म्हणतोय?"

"आणि सुमेळ हात ओळखतं त्याचं काय?"

"मग अडलेलं तेवढं तू हळूच सोडवून दे."

वीस वर्षं मी हेच करत होते, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. किंवा आलं असेल. मी त्याला निर्लज्ज म्हणाले, आणखीही बरंच काही म्हणाले, जे बाहेर बसलेल्या रिसेप्शनिस्टलाही ऐकू गेलं. त्यानं ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "झालं तुझं? हमीदभाईंचं घ्यायचंय ना उद्या? मी येतो मदतीला."

हमीदभाई सतारमेकर गल्लीतले, तानपुरे करणारे. तिमाहीतलं माझं ते शेवटचं ऑपरेशन. रुबीनानं निघताना मला हळूच सांगितलं होतं की, मॅडम, तुमची श्रेणी अगदी काठावर आहे. हे एक 'अवघड' धरलं गेलं तर आणखी तीन महिने मिळतील. आणि गावातले बाकीचे सर्जन काय करायला लागलेत तेही सांगितलं. मुद्दाम अडखळतात. अवजार उगाच दोनदा आत-बाहेर करतात. कुठेतरी थोडं रक्त येऊ देतात. सुमेळला ते पटतं.

मी तिला झापलं होतं. पण ते डोक्यातून गेलं नव्हतं, हे कबूल करते.

*

हमीदभाईंचं पित्ताशय सुजून लाल झालं होतं आणि यकृताला घट्ट धरून बसलं होतं. भरतेशनं कॅमेरा धरला. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मी पडदे सोडवत सोडवत त्या चिंचोळ्या जागेत पोहोचले जिथे पित्ताशयाची नळी आणि तिची रक्तवाहिनी शेजारी-शेजारी असतात. रक्तवाहिनी जागेवर नव्हती. ती मागून वळसा घालून आली होती आणि सूज आलेल्या मांसात अर्धी बुडाली होती. तिला धक्का लागला असता तर समोरचा कॅमेऱ्याचा पडदा लाल झाला असता. मी बाजूबाजूनं जाऊन तिला उघडी केली आणि क्लिप लावायला अवजार पुढे नेलं.

"थांब," भरतेश पुटपुटला. भूलतज्ज्ञांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "क्लिपच्या आधी जरा कात्री लाव. जरासं वाहू दे. मी सक्शन धरून आहे. दिसू दे त्याला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"अगं तुझ्या भल्यासाठीच सांगतोय," तो म्हणाला. "श्रेणी वाचेल. थोड्या रक्तानं काय होतंय?"

त्याच्या आवाजात खरोखर माया होती. तेच मला सहन झालं नाही. खरं सांगणं त्याच्या हातात होतं, त्यात कोणाचं रक्त सांडणार नव्हतं. ते त्यानं केलं नाही. आणि माझ्यावर उपकार करायचा तर तो हमीदभाईंच्या पोटातून करायचा होता.

आणि तरी माझा हात थांबला. किती वेळ थांबला, सांगता येणार नाही. मला माझे पेशंट दिसत होते, जे पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे येणार नव्हते. दुसऱ्या हातात कात्री होती आणि रक्तवाहिनी तिच्यापुढे धडधडत होती. थोड्या रक्तानं खरंच काही झालं नसतं.

मी क्लिप लावली. दुसरी लावली. मग मधून कापलं. एक थेंब आला नाही.

"कॅमेरा सिस्टरांच्या हातात दे," मी म्हणाले, "आणि माझ्या टेबलापासून बाजूला हो."

"अनुजा..."

"बाजूला हो म्हटलं ना!"

हे मात्र सगळ्यांनी ऐकलं. तो गेला. बाकीचं मी सिस्टरांच्या मदतीनं केलं. संपल्यावर मी हातमोजे काढले, पण बाहेर गेले नाही. माइक ओढला आणि माझ्या ऑपरेशनची नोट आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः सांगितली. सूज कशी होती, वाहिनी कुठून आली होती, कुठे चुकलं असतं तर काय झालं असतं. काही फुगवलं नाही आणि काही गाळलं नाही.

पडद्यावर अक्षरं आली: ही नोंद आपल्या आधीच्या नोंदींशी जुळत नाही. बदलायची का?

"नाही," मी म्हणाले.

सुमेळनं नोट बाजूला ठेवली, हात बघितले आणि 'साधी' असा कोड दिला. महिनाअखेर मी दुसऱ्या श्रेणीत गेले. हमीदभाई तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले.

*

आक्का आल्या त्या दिवशी मी माझी पुस्तकं खोक्यात भरत होते. विम्याच्या योजनेत नसलेल्या एका धर्मादाय दवाखान्यानं मला बोलावलं होतं. तिथे सुमेळ नव्हतं, आणि दुर्बीणही माझ्या वयाची होती.

आक्का भरतेशला घेऊन आल्या होत्या. घेऊन म्हणजे अक्षरशः. त्यांच्या मनगटात अजून जोर होता. खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"डॉक्टरीणबाई, मला विम्याच्या बाईचा फोन आलता. म्हणाली, तुमची साधी शस्त्रक्रिया झाली होती, आता तब्येत कशी आहे? मी म्हटलं, साधी? पिवळी धम्मक पडले हुते मी. अन्नाचा कण जात नव्हता. भरतला विचारलं तर हा बी म्हणतोय साधीच हुती. तुम्ही खरं सांगा बघू."

भरतेश दाराशी उभा होता. आम्ही चार शब्द नीट बोललो त्याला कितीतरी दिवस झाले होते. मला वाटलं, सगळं सांगून टाकावं. तोंडापर्यंत आलं होतं.

"मला नका विचारू आक्का," मी म्हणाले. "मी काय, माझंच कौतुक सांगेन. कॅमेरा भरतेशच्या हातात होता. त्यानं सगळं पाहिलंय. त्यालाच पुन्हा विचारा, माझ्यासमोर."

आक्का वळल्या. "सांग रे."

"साधीच होती आई," तो म्हणाला. "तू उगाच घाबरतेस."

त्या खोलीत माइक नव्हता, कॅमेरा नव्हता, श्रेणी नव्हती. खोटं बोलून त्याला एक पैसा मिळणार नव्हता. मी त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली आणि ती तिथे नव्हती. एवढ्या चित्रफितींना तो 'अडचण नाही, अडचण नाही' म्हणत गेला होता की आता त्याला ते खरंच तसं आठवत होतं. सुमेळनं आधी आमच्या नोटा वाचल्या, मग आमचे हात, आणि शेवटी याची आठवणसुद्धा जुळवून घेतली. मला वाटलं होतं, माझा मित्र मला फसवतोय. फसवायला तो मित्र तरी शिल्लक असायला हवा होता. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

आक्कांनी पदर सावरला.

"साधी हुती," त्या सावकाश म्हणाल्या. "मग त्या दिवशी ओटीच्या दारात ह्या बाईच्या पाया का पडलास रे? सुनेनं बघितलंय. डोकं टेकवून रडत हुतास म्हणाली, उठवला तर उठत नव्हतास."

भरतेशनं तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. चिकटलेला पडदा सुटायला लागावा तसं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. ऑपरेशनमध्ये अडकला की वीस वर्षं तो असाच माझ्याकडे बघत आला होता, आणि मी काही न बोलता पुढे होऊन त्याला सोडवत आले होते.

मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले. आक्का उत्तराची वाट बघत बसल्या होत्या.